भायखळ्याचं स्टेशन परत उभं केलं तसं आपलं बडोद्याकडचं प्रतापनगर आणि डभोई का नाही?

रावपुरेकर
मंडळी नमस्कार. मुंबईला मावसबहिणीकडे जाणं झालं, भाऊ दाजी लाड म्युझियम बघायचं म्हणून भायखळ्याला उतरलो आणि म्युझियम राहिलं बाजूला, स्टेशनच बघत बसलो. काम पूर्ण होऊन काही वर्षं झाली, एप्रिल २०२२ मध्येच ते लोकांसाठी खुलं केलं, नोव्हेंबर २०२२ ला युनेस्कोचं आशिया-पॅसिफिकचं वारसा जतनाचं 'अवॉर्ड ऑफ मेरिट' पण मिळालं, पण फोटोत बघणं वेगळं आणि तिथे उभं राहून बघणं वेगळं. काळा दगड दिसतो हो! खरा दगड, ऑइलपेंटखालचा नाही. कमानी मोकळ्या, लाकडी खिडक्या, नक्षीचं लोखंडी काम आणि या सगळ्याच्या मधून माणसं धावतायत लोकल पकडायला. मला सगळ्यात भावलं ते हेच, की तिथे दोरी लावून 'हात लावू नये' असं काही नाही, तिकीट काढा, पळा, गाडी पकडा.

धागा काढायचं कारण असं की अमृत भारत स्टेशन योजनेत ऑगस्ट २०२३ ला देशभरातल्या ५०८ स्टेशनांचं भूमिपूजन झालं त्यात आपल्याकडची प्रतापनगर, विश्वामित्री, मियागाम करजण ही पण होती. म्हणजे नूतनीकरण हा विषय आता आपल्या दारात आहे. आणि आपल्याकडे जो रेल्वेचा इतिहास आहे तो मुंबईवाल्यांनासुद्धा माहीत नाही, खरं तर आपल्या पोरांनाही माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच की जुनं स्टेशन जपायचं असेल तर ते चालू ठेवून, रोजच्या माणसाच्या सोयीचं करूनच जपावं, भायखळ्याला ते जमलंय. जाणकारांनी लिहावं, ज्यांना रोजचा प्रवास आहे त्यांनी तर नक्की लिहावं.

लालबाग_ते_नवापुरा
अय्या भायखळा! माझं माहेर लालबागचं, कॉलेजची सगळी वर्षं त्याच स्टेशनवरून गेलीत, लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा सासरच्यांना सांगायचे की आमच्याकडचं स्टेशन पहिल्या गाडीच्या वेळचं आहे तर कोणाला पटायचं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब सिंध सुलतान ही तीन इंजिनं, ती याच मार्गाने गेली आणि भायखळा तेव्हापासूनचं स्टेशन. सुरुवातीला साधं लाकडी होतं, आत्ताची दगडी इमारत १८५७ ची. म्हणजे सीएसएमटीच्या भव्य इमारतीपेक्षा (ती १८७८ ते १८८८) कितीतरी आधीची! त्याच्याही आधी १८५२ मध्ये रूळ टाकायचं काम चालू असताना फॉकलंड नावाचं इंजिन भायखळ्याच्या बाजूला कामाला जुंपलेलं होतं, तेव्हाच्या गव्हर्नरचं नाव दिलेलं.

आणि तेव्हा भायखळा म्हणजे शहराबाहेरची बड्या लोकांची वस्ती बरं का, बंगले, बागा, क्लब. गिरण्या आणि चाळी नंतर आल्या. स्टेशन मात्र तेच राहिलं, माणसं बदलली. माझे आजोबा गिरणीत होते, ते याच कमानीखालून गेले असणार आणि मीही गेले, पण तेव्हा वर मान करून बघितलंच नाही कधी. बघण्यासारखं दिसतच नव्हतं, रंगावर रंग, वायरींचे गुंते, बोर्ड. आता आई व्हिडिओ कॉलवर दाखवते, अगं हे बघ इथे नक्षी होती.

चुना_विटा
रावपुरेकर, चांगला विषय काढलात. मी सिव्हिलवाला, जुन्या वाड्यांची दुरुस्ती हेच काम करतो, म्हणून जरा कामाच्या अंगाने लिहितो, लांबेल.

भायखळ्याचं काम जुन्या इमारती जपणाऱ्या आर्किटेक्ट आभा नारायण लांबा यांनी केलं, 'आय लव्ह मुंबई' संस्था पुढे आली आणि पैसा बजाज समूहाच्या ट्रस्टांकडून आला, २०१९ ला सुरू झालं, मधे कोरोना आला. लोकांना वाटतं रंग काढला, दगड धुतला, झालं. तसं नसतं. जुन्या इमारतीत भिंत चुन्यात बांधलेली असते आणि चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर टाकते, हे तिचं रोजचं काम आहे. तिच्यावर ऑइलपेंट नाहीतर प्लास्टिक पेंट चढवला की ओल बाहेर पडायचा रस्ता बंद. मग ती आत मुरते, क्षार वर येतात, फुगवटे येतात, आणि लोक म्हणतात भिंत खराब झाली, अजून एक हात रंग मारा. त्याच्या वर कोणीतरी दर्जा (म्हणजे दगडांमधले सांधे) सिमेंटने भरतो. सिमेंट दगडाच्या सांध्यातल्या चुन्यापेक्षा कडक आणि घट्ट, त्यामुळे पाणी सांध्यातून निघायचं ते बाजूच्या दगडातून नाहीतर विटेतून निघायला बघतं आणि दगडाच्या कडा फुटायला लागतात. काळा बसाल्ट चिवट असतो तो बराच काळ सहन करतो, आपल्याकडची वीट आणि वाळूचा दगड तेवढं सहन करत नाही, बडोद्याच्या इमारतींना म्हणून जास्त जपायला लागतं.

रंग काढायचा तर आधी कोपऱ्यात हातभर जागेवर नमुना करून बघायचा, कोणतं रसायन किती वेळ ठेवलं की थर सुटतो आणि दगडाला काही होत नाही ते पाहायचं, मऊ ब्रशने काढायचं. वाळूचा मारा करणारं मशीन लावलं तर एका दिवसात चकचकीत होतं पण छिन्नीचे टाके, कडा सगळं जातं, ते परत आणता येत नाही. दर्जा चुन्यानेच भरायच्या, चुना भिजवून मुरवून, घाण्यात मळून, कुठे गूळ-मेथीचं पाणी, कुठे बेलाचा गर. वेळ लागतो. ठेकेदाराला तीन महिन्यांत काम संपवायचं असेल तर हे होणार नाही, म्हणून टेंडर लिहितानाच हे लिहायला लागतं. सगळा खेळ टेंडरच्या भाषेत आहे. 'रंगकाम, टाइल्स, फॉल्स सीलिंग' असं लिहिलं की तेच मिळणार.

आणि बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब आणि ब्रॅकेट. बीड ठिसूळ असतं, त्याला वेल्डिंग सहज बसत नाही, म्हणून तुटलेला तुकडा फेकून न देता जपून ठेवायचा, त्यावरून साचा करून नवीन ओतता येतो. भंगारात गेला की संपलं.

अपडाऊनवाली
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय, पण मी वेगळं बोलणार आहे आणि राग मानू नका. मी रोज अपडाऊन करते, पास काढून, मेमूने (विजेवरच्या लोकलसारख्या गाडीने) जाते भरूचला आणि इंटरसिटी मिळाली तर तिने येते. माझ्यासारख्या बायका डब्यात कितीतरी आहेत, शिक्षिका आहेत, नर्स आहेत, दहेज-अंकलेश्वरच्या कंपन्यांत जाणाऱ्या आहेत. आम्हाला स्टेशन म्हणजे काय तर पावसात उभं राहायला छप्पर, बसायला बाक, रात्री दिवे, आणि स्वच्छ आणि कडी लागणारं बायकांचं टॉयलेट. मार्गावरच्या एका स्टेशनवर (नाव लिहीत नाही) सुशोभीकरण म्हणून दर्शनी भागाला नवीन कमान आणि दिवे आले, आत फलाटावर छप्पर मात्र चार डब्यांपुरतंच राहिलं, बाकीच्या डब्यांचे लोक उन्हात. बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन काय असतं तुम्हाला माहीत आहे. तेव्हा हेरिटेज हेरिटेज करताना ही माणसं विसरू नका. मला कमानी आवडतात, पण मला गाडी चुकवून कमानी बघायच्या नाहीयेत.

रावपुरेकर
ताई राग कसला, तुमच्या प्रतिसादाचीच वाट बघत होतो. धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये मी तेच म्हणतोय. आणि जरा विचार करा, जुन्या स्टेशनांमध्ये छप्पर हीच मुख्य गोष्ट होती. उतरतं कौलारू छप्पर, पुढे लांब काढलेली पागोळी, तिला लाकडी झालर, ती नुसती शोभेची नव्हती, तिरपा पाऊस आणि तिरपं ऊन अडवायला होती. उंच छत, वर झरोके, गरम हवा वरून निघून जायची. म्हणजे जुनं नीट दुरुस्त केलं तर प्रवाशाची सोय आपोआप होते, बिघडतं कधी तर ते काढून काचेचा दर्शनी भाग लावतात तेव्हा, आपल्या हवेत काच तापते मग एसी लावा.

अडीचफुटी
आता मला राहवत नाहीये, डभोईचं नाव धाग्याच्या शीर्षकात आहे आणि अजून त्याच्यावर कोणी काहीच लिहिलं नाही.

लोकहो भारतातली पहिली नॅरोगेज आपली आहे. कोणत्याही संस्थानाची पहिली रेल्वे सुद्धा आपली. १८६२, बडोद्याचे खंडेराव महाराज, डभोई ते मियागाम, साधारण ३२ किलोमीटर, रुळांमधलं अंतर अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. आणि इंजिन नव्हतं, डबे बैल ओढायचे! १८६३ मध्ये नीलसन कंपनीची इंजिनं आली पण रूळ इतके हलके टाकलेले की इंजिनाचं वजन पेलवेना, म्हणून पुढे बरीच वर्षं बैलच, मग जड रूळ टाकले तेव्हा वाफेची गाडी नीट सुरू झाली.

आता साल बघा आणि त्याचा अर्थ लावा. बीबीसीआय म्हणजे बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे बडोद्याला पोचली १८६१ ला, पण ती दक्षिणेकडे मुंबईपर्यंत जोडली गेली १८६४ ला. म्हणजे बडोद्याहून मुंबईला सलग गाडी जायच्या दोन वर्षं आधी डभोईत रूळ पडलेले होते. महाराजांनी मुख्य लाइन येताच लगेच तिला आपली फांदी जोडली. काळ कोणता तर अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू, तिकडचा कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर, आणि डभोईच्या आजूबाजूला सगळी काळी कपाशीची जमीन. मियागामला माल मुख्य लाइनवर चढवला की झालं. एवढी दूरची नजर.

पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात चांदोद, बोडेली, इकडे गोयागेट, विश्वामित्री, जंबुसर असं जाळं वाढलं. डभोईहून पाच दिशांना गाड्या सुटायच्या, मियागाम, प्रतापनगर, चांदोद, छोटाउदेपूर आणि समलाया-टिंबा. नॅरोगेजचं इतकं मोठं जंक्शन जगात फार कमी ठिकाणी होतं. तिकडे दक्षिणेला बिलीमोरा-वघई १९१३ ची, ती पण गायकवाडांचीच, ६३ किलोमीटर, सागाच्या जंगलातून जाणारी. आणि गोयागेट म्हणजेच आजचं प्रतापनगर, तिथला वर्कशॉप १९१९ चा. १९४९ मध्ये संस्थानाची रेल्वे बीबीसीआयमध्ये गेली आणि १९५१ ला पश्चिम रेल्वे झाली. आज बडोदा डिव्हिजनचं मुख्य कार्यालय प्रतापनगरलाच आहे, शेजारी रेल हेरिटेज पार्क आहे, मुलांना घेऊन जा, नॅरोगेजचं इंजिन जवळून बघितल्यावर कळतं ते किती सुबक होतं.

भायखळा १८५७, डभोईची लाइन १८६२, फरक फक्त पाच वर्षांचा. त्या भायखळ्याला युनेस्को, आणि आपल्याला आपल्याच गावात कोणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

बाबाजीपुऱ्याचे_काका
अडीचफुटी, बाळा फार छान लिहिलंस. तुला म्हाताऱ्याचे आशीर्वाद.

आमच्या लहानपणी चांदोदला जायचं म्हणजे हीच गाडी. बडोद्याच्या मराठी घरांत चांदोद-कर्नाळीला जाणं असायचंच, कोणाची अस्थी घेऊन, कोणाचं श्राद्ध, कोणाचा नवस, नर्मदामाईत स्नान करायचं, नावेतून पलीकडे कर्नाळीला कुबेरेश्वराला जायचं. आमच्या घरचे दत्तसंप्रदायी, टेंब्ये स्वामींची समाधी गरुडेश्वरला, स्वामी १९१४ ला तिथे समाधिस्त झाले, तर गरुडेश्वरला जायचं तरी निघायचं याच गाडीने आणि पुढचा रस्ता वेगळा. प्रतापनगरला आईचा डबा, दशम्या, लसणाची चटणी, घोंगडी, पितळेचा तांब्या, सगळं घेऊन बसायचो. डबा अरुंद, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागायचे आणि म्हणून ओळखी व्हायच्या. डभोईला गाडी बदलायची. तिथला फलाट बुटका, जवळजवळ जमिनीसरखा, म्हाताऱ्या बायकांना पायरीवरून हात धरून उतरवायला लागायचं. चहावाला, शेंगावाला, आणि चारी बाजूंना छोट्या गाड्या उभ्या, कोणती कुठे जाणार ते पाटी बघूनच कळायचं. वडील डभोईला थांबलो की दर वेळी सांगायचे, १७३१ ला इथेच बाजीराव पेशव्यांची आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांची लढाई झाली, दाभाडे पडले, आणि त्या दाभाड्यांच्याच हाताखालचे गायकवाड पुढे बडोद्याचे धनी झाले. आम्ही मुलं हिरा भागोळ (डभोईच्या कोटाचा जुना नक्षीदार दरवाजा) बघायला मिळेल का म्हणून मागे लागायचो.

माझी इच्छा एकच, जे कोणी स्टेशन दुरुस्त करतील त्यांनी तिथे हे सगळं लिहून ठेवावं, मराठीत, गुजरातीत, दोन्हीत. खंडेराव महाराजांचं नाव तिथून रोज जाणाऱ्या पोराच्या नजरेला पडावं.

लालबाग_ते_नवापुरा
काका _/\_ डोळ्यात पाणी आलं. आमच्या सासूबाईंकडून अगदी हेच ऐकलंय, दशम्यांसकट.

कारेलीबाग_वाला
भावना समजल्या पण प्रॅक्टिकल बोलू. डभोईत आता नॅरोगेज राहिलेलीच नाही ना मुख्य मार्गावर. १७ जानेवारी २०२१ ला केवडियापर्यंत ब्रॉडगेज सुरू झाली, डभोई, चांदोद, केवडिया तिन्हीकडे नवीन इमारती झाल्या, प्रतापनगरहून विजेवरची लाइन आहे, मेमू आहे. पूर्वी जिथे अर्धा दिवस जायचा तिथे आता लोक जाऊन येऊन कामावर हजर. मग आता जपायचं काय नक्की? आणि पैसे कोण देणार? भायखळ्याला मुंबईचे उद्योगपती होते.

अडीचफुटी
कारेलीबागवाले, ब्रॉडगेज झाली याचा मला आनंदच आहे, मी नॅरोगेजचा वेडा असलो तरी छोटाउदेपूरच्या आदिवासी पट्ट्यातल्या माणसाला साडेपाच फुटी रुळावरची वेगवान गाडी मिळाली पाहिजे, त्यात दुमत नाही. दवाखान्यात यायचं असेल तर त्याला ती बैलाच्या चालीची गाडी परवडत नाही. पण जपायचं काय याचं उत्तर खूप लांबलचक आहे. जुने दगडी चौथरे, पाण्याची टाकी, इंजिनाला पाणी भरायचा खांब, सिग्नलचे हात, सांधा बदलायचे लिव्हर, पुठ्ठ्याची तिकिटं आणि त्यावर तारीख उमटवायचं यंत्र, गार्डचा कंदील, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, गायकवाडी रेल्वेची अक्षरं कोरलेले रूळ आणि खुर्च्या (रूळ बसवायच्या), जुनी वेळापत्रकं, नकाशे, आणि सगळ्यात आधी ज्यांनी ते चालवलं ती माणसं. वर्कशॉपमध्ये ज्यांनी हातांनी इंजिनाचे भाग घडवले असे निवृत्त कारागीर शहरात आहेत, वाडी भागात आहेत, प्रतापनगरच्या जुन्या वस्तीत आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला एक मोबाइल लागतो, उद्योगपती लागत नाही.

चुना_विटा
पैशाबद्दल. मोठं काम करायला मोठा पैसा लागतो हे खरं, पण जुन्या इमारतीला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे छप्पर आणि पन्हळ. फुटलेलं कौल वेळेत बदललं, पन्हळीतला पाला पावसाआधी काढला, भिंतीच्या पायाशी पाणी साचू दिलं नाही, भिंतीतून उगवलेला पिंपळ अंगठ्याएवढा असतानाच मुळासकट काढला, तर इमारत पन्नास वर्षं सहज जास्त टिकते. पिंपळ आपल्याकडे फार वाईट, वरून कापला की मुळं आत जाड होतात आणि भिंत उकलते. हे काम दरवर्षीचं आहे आणि दरवर्षीच्या कामाचं उद्घाटन होत नाही म्हणून ते राहून जातं. माझ्या मते भायखळ्याचीही खरी परीक्षा आता पुढे आहे, केलेलं टिकवतात कसं.

दुसरं, वापर. काही वर्षांपूर्वी कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं आणि न्यायमंदिर रिकामं झालं, तेव्हा आपण सगळ्यांनी बघितलं की वर्दळ थांबली की एवढी देखणी इमारत कशी एकटी पडते. रोज कोणी दार उघडत नसेल तर गळती कुठे सुरू झाली ते कळतच नाही. स्टेशनचं तसं होत नाही जोपर्यंत तिथे गाडी थांबते. म्हणून रावपुरेकरांच्या मूळ मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, तिकीट खिडकी जुन्या इमारतीतच ठेवा, स्टेशनमास्तर तिथेच बसू दे, नवीन जे लागेल, लिफ्ट, सरकता जिना, पादचारी पूल, ते बाजूला वेगळं उभं करा, जुन्या भिंतीत खिळा न ठोकता. सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसा आहे आणि लाखो माणसं रोज तिथून लोकल पकडतात, त्यापेक्षा मोठा पुरावा कशाला हवा.

अपडाऊनवाली
हे पटलं. वेगळं बाजूला उभं करा हे तर फारच पटलं. आता माझी यादी पण लिहून घ्या कोणीतरी, मी दर वेळी बोलते आणि वाऱ्यावर जातं. रॅम्प हवा आणि तो इतका उभा नको की व्हीलचेअर ढकलणारा धापा टाकेल. फलाट आणि डब्यातलं अंतर, काकांनी म्हातारीला हात धरून उतरवायचं लिहिलंय ते आजही काही ठिकाणी तसंच आहे. पिण्याचं पाणी. बाळाला पाजायला आडोसा. रात्री नऊनंतर स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या राहतील अशी उजेडाची जागा. आणि घोषणा नीट ऐकू येऊ द्या, उंच छतात आवाज घुमतो आणि कोणती गाडी कुठल्या फलाटावर ते कळतच नाही, त्याला जुन्या इमारतीत काय उपाय?

चुना_विटा
ताई, एका मोठ्या भोंग्याऐवजी कमी आवाजाचे बरेच छोटे स्पीकर, माणसांच्या जवळ, खांबाला पट्टा बांधून लावायचे, भोक न पाडता. घुमणं खूप कमी होतं. बाकीची यादी उतरवून घेतली.

लालबाग_ते_नवापुरा
वांद्र्याचं पण सांगते. वांद्रे स्टेशनची इमारत १८८८ ची, तीही वारसा यादीत पहिल्या श्रेणीत, आणि ती आपल्या बीबीसीआयचीच, म्हणजे बडोद्याच्या नावाच्या रेल्वेची! उतरतं छप्पर, टोकाला छोटे मनोरे, समोरून रिक्षांचा गोंधळ. मुंबईत उपनगरी स्टेशनांना असं जपतात कारण रोज वापरणाऱ्या लोकांचा जीव त्यात आहे. आमच्या चाळीतल्या काकू म्हणायच्या, स्टेशन म्हणजे दुसरं अंगण. आपल्याकडे बुलेट ट्रेनचं स्टेशन जंक्शनला लागून होतंय, त्याच्या रूपात वडाच्या झाडाची कल्पना घेतलीये, ते होईल तेव्हा होईल आणि छानच होईल, पण त्याच्या झगमगाटात विश्वामित्री, प्रतापनगर अशी लहान स्टेशनं विसरली जाऊ नयेत ही धास्ती आहे.

कारेलीबाग_वाला
ठीक, मी माझा प्रश्न मागे घेत नाही पण उत्तर मिळालं. मग ठोस काय करायचं ते ठरवा. नुसत्या धाग्याने होणार नाही.

रावपुरेकर
ठरवूया. मला जे सुचतं ते सांगतो, भर घाला.

पहिलं म्हणजे नोंद. प्रतापनगर, विश्वामित्री, डभोई, चांदोद, मियागाम, जंबुसर बाजूची लहान स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी जुनं काय काय उरलंय त्याची सचित्र यादी. फोटो काढायला फलाटावर परवानगी लागते, ती आधी लेखी मागायची, कोणाला त्रास देऊन काम करायचं नाही, रुळांवर अजिबात उतरायचं नाही. युनिव्हर्सिटीत फाइन आर्ट्सची आणि आर्किटेक्चरची मुलं आहेत, त्यांना मोजमाप घेऊन नकाशे काढायचा सराव हवाच असतो, त्यांच्या शिक्षकांशी बोलतो. भायखळ्यात सुद्धा आधी कागदावर काम झालं असणार, कुठला दगड मूळचा, कुठली भिंत नंतरची, हे ठरल्याशिवाय हात लावता येत नाही.

दुसरं अडीचफुटी म्हणतात ते, निवृत्त लोकांच्या मुलाखती. हे सगळ्यात घाईचं आहे, दगड थांबेल, माणसं थांबणार नाहीत. लोको पायलट, फायरमन, गँगमन, केबिनमन, वर्कशॉपचे फिटर आणि त्यांच्या घरच्या बायका पण, कारण क्वार्टर्समधलं आयुष्य त्यांनाच माहीत.

तिसरं, चुना_विटा यांनी एक पानाचं टिपण लिहावं, साध्या भाषेत, की जुन्या स्टेशनच्या कामाच्या टेंडरमध्ये कोणते शब्द असायला हवेत आणि कोणते नकोत. त्याला अपडाऊनवाली ताईंची यादी जोडायची. दोन्ही एकाच अर्जात गेलं पाहिजे. वारसावाले वेगळे आणि पासवाले वेगळे असे दोन अर्ज गेले तर दोन्ही बाजूला पडतील. पासवाल्यांच्या सह्या असतील तर त्या अर्जाला वजन येईल, ते लोक रोज तिथे असतात.

अडीचफुटी
मुलाखतींचं मी घेतो अंगावर. वाडीतले दोन आजोबा ओळखीचे आहेत, दोघेही वाफेच्या इंजिनावर होते. एकांना अजून प्रत्येक चढावर किती कोळसा टाकायचा ते तोंडपाठ आहे. बाबाजीपुऱ्याचे काका, तुमच्यापासून सुरुवात केली तर चालेल का? प्रवाशाची आठवण पण हवी.

बाबाजीपुऱ्याचे_काका
चालेल म्हणजे काय, ये की. संध्याकाळी पाचनंतर ये, दुपारी डोळा लागतो. जुनी एक वही आहे वडिलांची, त्यात चांदोदच्या प्रवासाचा खर्च लिहिलेला आहे, तिकीट, नावेचे पैसे, भटजींची दक्षिणा. ती काढून ठेवतो.

अपडाऊनवाली
सह्यांचं माझ्याकडे. लेडीज डब्यात एका आठवड्यात होतील, जेन्ट्समध्ये आमच्या ग्रुपचे दोघे आहेत ते करतील. फक्त अर्ज गुजरातीतही करा, डब्यात मराठी वाचणारे आम्ही मोजकेच आहोत.

चुना_विटा
टिपण रविवारपर्यंत टाकतो इथेच. गुजराती कोण करणार?

लालबाग_ते_नवापुरा
माझे मिस्टर करतील, त्यांची शाळा गुजराती मीडियमची. मी मराठीचं तपासते.